उघड्या कानाने

हवामान केंद्रातल्या निरीक्षकाला सगळे कानसेन म्हणत, आणि हे नाव त्याला कुणी फुकट दिलेलं नव्हतं. तेविसाव्या वर्षी तो नोकरीला लागला आणि त्याच आठवड्यात एकदा टेबलावरून मान वर करून म्हणाला, आली. खोलीत तेव्हाचे साहेब होते, टायपिस्ट होती, पंखा दुरुस्त करणारा माणूस शिडीवर होता. कुणालाही काहीही ऐकू आलं नव्हतं. दहा मिनिटांनी आभाळ भरून आलं आणि अर्ध्या तासाने सगळ्यांच्या छत्र्या उलट्या झाल्या. तेव्हापासून गडगडाट झाला की नाही हे आभाळाला नव्हे, कानसेनला विचारायची पद्धत पडली.

केंद्र म्हणजे काय, तर दोन खोल्या, पत्र्याचा व्हरांडा, आवारात चार पायांवर उभी असलेली थर्मामीटरची झडपांची पांढरी पेटी, पाऊस मोजायचं भांडं आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा एक बाण, जो गंज चढल्यामुळे कित्येक वर्षं आपल्याच मताला चिकटून होता. काम सकाळी सुरू व्हायचं आणि अंधार पडायच्या आत संपायचं. एकेकाळी इथे सात माणसं होती. मशीनं येत गेली तशी माणसं जात गेली आणि शेवटी दोघं उरले, साहेब आणि कानसेन. तापमान मशीन मोजायचं, वारा मशीन मोजायचं, हवेचा दाबही मशीनच मोजायचं. गडगडाट तेवढा माणसाकडे राहिला होता, कारण त्याच्या मशीनच्या फायलीवर मुख्य कार्यालयात कुणीतरी चहाचा कप ठेवला होता आणि तो अजून उचलला गेला नव्हता.

हे काम वरवर दिसतं तितकं सोपं नाही. वीज आणि गडगडाट ही जुळी भावंडं, दोघांचा जन्म एकाच क्षणी. वीज ज्या वाटेने जाते तिथली हवा एकदम इतकी तापते की ती फुटल्यासारखी फाकते, आणि त्या फाकण्याचा आवाज म्हणजे गडगडाट. पण उजेड आपल्या डोळ्यांपर्यंत येतो तो पापणी लवायच्या आत. आवाज बापडा सरकारी टपालासारखा, एकेका किलोमीटरला तीन तीन सेकंद घेत येतो, आणि फार लांबून निघाला असेल तर वाटेतच विरून जातो. म्हणून वीज दिसली की सेकंद मोजायचे, आवाज आला की थांबायचं, आकड्याला तीनने भागायचं, की वीज किती लांब पडली ते कळतं. कानसेन हे सगळं पेन्सिलीच्या टोकाने हवेत टिंबं देत करायचा आणि त्याचं उत्तर कधी चुकत नसे.

त्यातून नियम असा होता की गर्जना ऐकू आली तरच तो दिवस गर्जनेचा. नुसती वीज दिसली, मग ती आभाळभर का नाचेना, तर ती शेऱ्याच्या रकान्यात, म्हणजे केरात. आणि गर्जना कशी ऐकायची तेही नियमावलीच्या अकराव्या पानावर लिहिलेलं होतं: ‘निरीक्षकाने उघड्या कानाने ऐकलेली असावी.’ हे ‘उघड्या’ तिथे उगाच आलेलं नाही. फार पूर्वी कुठल्याशा केंद्रावरच्या एका हुशार माणसाने कानाला पत्र्याचं नरसाळं लावून शेजारच्या केंद्राच्या हद्दीतला गडगडाट आपल्या नावावर चढवला होता. दोन केंद्रांत त्यावरून सहा वर्षं पत्रव्यवहार चालला. मग वरिष्ठांनी एक शब्द वाढवला आणि हात झटकले.

त्या एका शब्दाने आमच्या माणसाचा घात केला. बावन्नाव्या वर्षी कानसेनच्या कानांनी साथ सोडायला सुरुवात केली. आधी पाखरं गप्प झाली. मग दाराची घंटा बिघडली असं वाटून त्याने ती दोनदा बदलली. मग बायको तोंडातल्या तोंडात बोलायला लागली, टीव्हीवरची माणसं कुजबुजायला लागली आणि दुकानदार उद्धट झाले, ते हसत काहीतरी म्हणायचे आणि पुन्हा विचारलं की चिडायचे. साऱ्या जगाचा आवाज बसला होता. आपल्याला कमी ऐकू येतंय हे सोडून बाकी सगळी कारणं त्याने तपासून पाहिली.

शेवटी बायकोने त्याला दंडाला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे काचेच्या खोलीत बसवून, कानावर हेडफोन चढवून डॉक्टर म्हणाले, आवाज आला की बटण दाबा. कानसेन मुरलेला निरीक्षक. त्याने काचेतून डॉक्टरांच्या भुवईवर नजर ठेवली आणि भुवई हलली की बटण दाबत गेला. निकाल उत्तम येत होता. मग डॉक्टरांना शिंक आली, ते पाठ फिरवून नाक पुसत बसले आणि कानसेन बटणावर अंगठा ठेवून नुसता बसून राहिला. डॉक्टरांनी काय ते ओळखलं. कानाला मशीन लावा, म्हणाले, झकास ऐकू येईल.

मशीन लेकीने पाठवलं. ती दुसऱ्या शहरात असते, तिने चौकशी करून चांगलं, चिमुकलं, कातडीच्या रंगाचं मशीन कुरियरने धाडलं. पण मशीन लावलेला कान हा उघडा कान नव्हे. ते लावून ऐकलेली गर्जना ही नियमाने गर्जनाच नव्हे. आणि गर्जना ऐकू न येणाऱ्या निरीक्षकाची रवानगी होते भांडारात, जिथे फुटके थर्मामीटर आणि मोडके वारामापक आपापल्या निकालाची वाट पाहत पडलेले असतात. कानसेनमधला कान काढून घेतला तर उरलं काय, नुसता सेन? निवृत्तीला सहा वर्षं होती. त्याने ती डबी बायकोच्या कपाटात, बटणं आणि रिळांच्या खणात, अगदी तळाशी सारून दिली.

बायको घरीच पुढच्या खोलीत शिलाईची कामं करायची, लोकांच्या बाह्या छोट्या कर, कंबर सैल कर, चेन बदलून दे. ती म्हणाली, निदान घरी तरी लावा. त्याचं म्हणणं, घरी लावलं की सवय होणार, आणि सवय झाली की ऑफिसात उघडं पडणार. तिने खूप समजावलं. मग एक दिवस चहाचा कप त्याच्यापुढे ठेवून ती म्हणाली, “आभाळाचं बरं ऐकायला येतं तुम्हाला. माझंच तेवढं येत नाही.” हे त्याला ऐकू आलं, कारण ती ओरडून म्हणाली होती. ते त्याला लागलंही. पण नोकरीचा प्रश्न होता, म्हणून त्याने ते गिळलं आणि वर चहा प्यायला.

आता तुम्ही विचाराल, मग आभाळाचं तरी त्याला कसं ऐकायला येत होतं? येत नव्हतं. डोक्यावर कडाडली तर दणका छातीत जाणवायचा, तेवढाच. बाकी सगळं एका दुपारी सुरू झालं. गिरणीच्या धुराड्यामागे वीज चमकली. कानसेनने पेन्सिल उचलली आणि टिंबं द्यायला लागला. दहा झाली, वीस झाली, तीस झाली. काही नाही. चाळिसाला त्याचा धीर सुटला, पेन्सिल थांबली आणि त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी शांतपणे मान डोलावली. म्हणजे आली होती. त्याने चाळीस लिहिले आणि कपाळावरचा घाम पुसला. तेव्हापासून त्याने साहेबांची मान कधी सोडली नाही. वीज चमकली की तो चेहऱ्यावर ऐकण्याचा भाव आणायचा, मान थोडी तिरकी, डोळे बारीक, आणि साहेबांची मान हलली की लिहून टाकायचा. उलट त्याला वाटायला लागलं की साऱ्या जगात वीज तेवढी सभ्य, बोलायच्या आधी हात वर करते. माणसं आपली कुठलीही सूचना न देता, पाठमोरी, नळ चालू ठेवून बोलत सुटतात.

साहेब हा माणूस त्याला मनापासून आवडायचा. मितभाषी, दाढी रोज, शर्टाची घडी कडक, कधी आवाज चढवला नाही. फोन सहसा घ्यायचे नाहीत, म्हणायचे, जे असेल ते लेखी पाठवा. लोकांना ही त्यांची शिस्त वाटायची. माझे कान गेले तरी केंद्राचे कान शाबूत आहेत, असं कानसेन मनाला सांगायचा, आणि त्या एका आधारावर त्याची झोप शाबूत होती.

अशी चार वर्षं गेली. इकडे मुख्य कार्यालयात एका तज्ज्ञाने या केंद्राच्या सगळ्या नोंदी नकाशावर मांडल्या आणि तो खुर्चीतून उठून उभा राहिला. डोक्यावर पडलेल्या चार-दोन विजा सोडल्या तर बाकी प्रत्येक वीज केंद्रापासून तेरा ते चौदा किलोमीटरवर पडली होती. ना अलीकडे, ना पलीकडे. नकाशावर टिंबांची गोल बांगडी तयार झाली होती. वास्तविक ते कानसेनच्या धीराचं माप होतं, धीर चाळीस सेकंद टिकायचा आणि तो तीनने भागलेला होता. पण तज्ज्ञाला एवढी साधी गोष्ट सुचणं शक्य नव्हतं. त्याने तिला ‘विद्युत-वलय’ असं नाव दिलं, जमिनीतल्या खनिजांवर अठ्ठावीस पानांचा लेख लिहिला आणि त्याला बढती मिळाली. वलयावर येणाऱ्या एका शाळेच्या छतावर तीन वीजरोधक तारा बसवल्या. एका मोबाइल कंपनीने आपला टॉवर तिथून हलवला. कानसेनच्या पेन्सिलीने आजवर इतकं मोठं काम कधी केलं नव्हतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मग पत्र आलं की वलयाची प्रत्यक्ष पाहणी करायला तपासनीस येत आहेत. आल्या त्या तिशीच्या एक बाई. पायांत साधे बूट, हातात स्टॉपवॉच, आणि दोन्ही कान धडधाकट. कानसेनची पाचावर धारण बसली. बाई बोलल्या की तो त्यांच्या ओठांकडे बघायचा, ओठ कळले नाहीत तर साहेबांकडे बघायचा, आणि साहेब त्याच्याकडे बघत असायचे. बाईंनी सकाळी विचारलं, इथे पाणी कुठे मिळेल. साहेब म्हणाले, पश्चिमेकडून. बाई स्वतःच शोधून प्यायल्या.

दुपारी तीनला धुराड्यामागे आभाळ काळं झालं. तिघं व्हरांड्यात जाऊन उभे राहिले, मध्ये बाई, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला कानसेन. वीज चमकली. कानसेनने पेन्सिल उचलली, मान तिरकी केली आणि बाईंच्या खांद्यावरून साहेबांची मान नजरेत धरून ठेवली. एकोणीस-वीस टिंबं झाली असतील, डोळ्याच्या कोपऱ्यात त्याला बाईंचा अंगठा हललेला दिसला. बाकाखाली झोपलेलं कुत्रं उठून आत पळालं. बाईंचा अंगठा घसरला असावा आणि कुत्र्याला पिसवा चावल्या असाव्यात, असं त्याने ठरवलं आणि टिंबं देत राहिला. चाळिसाला पेन्सिल थांबली. साहेबांची मान डोलली. त्याने वहीत चाळीस लिहिले.

बाईंनी स्टॉपवॉच त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. काटा एकोणीस सेकंदांवर थांबलेला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं, आणि पुन्हा त्याच्याकडे. त्या क्षणी कानसेनच्या लक्षात आलं. बाईंनी आपल्याला पकडलं याची भीती नंतर वाटली. आधी कळलं ते हे की साहेबांनाही ऐकू आलेलं नव्हतं. आजही नाही आणि त्या पहिल्या दुपारीही नाही. वीज चमकली की साहेब पेन्सिल पाहायचे, पेन्सिल थांबली की मान डोलवायचे. तो त्यांच्या कानांवर विसंबला होता आणि ते त्याच्या. चार वर्षं त्या केंद्रात गडगडाट कुणीही ऐकला नव्हता आणि रोज बिनचूक लिहिला गेला होता.

“तुम्हाला ऐकू आली?” बाईंनी विचारलं. प्रश्न ओठांवरून स्वच्छ वाचता आला.

हो म्हणायला जीभ तयार होती, चार वर्षांची तिची तालीम होती. बाई नवीन होत्या, वॉच नवीन होतं, वॉचमध्ये दोष काढता आला असता. भांडार डोळ्यांपुढे आलं. पण ज्या खुंटीवर एवढी वर्षं सगळा भार टांगला ती भिंतीत नव्हतीच हे कळल्यावर माणसाचे हात आपोआप खाली येतात. कानसेनने वही मिटली.

“नाही,” तो म्हणाला. “आज नाही. चार वर्षं नाही.”

“अगदी बरोबर,” पलीकडून साहेब ठामपणे म्हणाले, कारण त्यांना कानसेनचे ओठ हलताना दिसले होते. “मीही स्पष्ट ऐकली.”

बाई बराच वेळ गिरणीच्या धुराड्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या की काय हे दोघांनाही कळायला मार्ग नव्हता.

पुढे जे व्हायचं ते रीतसर झालं. चार वर्षांच्या नोंदी चुकीच्या म्हणायच्या तर लेख मागे घ्यायला हवा होता, आणि लेख मागे घ्यायचा तर तज्ज्ञाची बढतीही मागे घ्यायला हवी होती. त्यापेक्षा ‘विद्युत-वलय नैसर्गिक कारणांनी मावळले’ असं पत्रक काढणं सोपं गेलं. साहेब मुदतीआधी निवृत्त झाले. निरोप समारंभात पाच जणांनी भाषणं केली, त्यातलं एक अक्षरही साहेबांच्या कानावर पडलं नाही, आणि त्यामुळे तो कार्यक्रम आवडलेला तिथला तो एकमेव माणूस. गडगडाटाचं मशीन आठ दिवसांत आलं. म्हणजे कप उचलला गेला. कानसेनला भांडारात पाठवलं. कानसेन हे नावही हळूहळू गेलं, तिथे सगळे त्याला भांडारवाले म्हणतात.

भांडारात कान उघडा असावा असा नियम नाही. म्हणून पहिल्या रविवारी दुपारी त्याने खणातून डबी काढली, बायकोकडून मशीन कानात बसवून घेतलं आणि खुर्चीत ताठ बसला. पहिल्यांदा त्याला स्वतःच्या शर्टाचा आवाज आला, मग घड्याळाचा, मग बाहेर कुणाच्या तरी चपलांचा. बायकोने त्याची परीक्षा घ्यायची म्हणून अगदी हळू विचारलं, चहा ठेवू का. तो म्हणाला, ठेव. तिला हसू आलं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, एवढ्या वर्षांत मला काय काय सांगितलंस आणि मी ऐकलं नाही, ते आता सांग बरं.

तिने शिवणकाम पुढ्यात ओढलं आणि बाही उसवत उसवत सांगायला लागली. शेजारचे घर सोडून गेले, ते तिने तीनदा सांगितलं होतं. लेकीचं ऑफिस बदललं. न्हाणीघरातल्या नळाचा वायसर त्याने आणायचा होता. तो प्रत्येक गोष्टीला बरं म्हणत होता आणि मनातून खूश होता, कारण सगळं फुटकळच निघत होतं. चार वर्षांत फारसं काही हुकलेलं दिसत नव्हतं.

“आणि दोन वर्षांपूर्वी छातीत गाठ लागली होती,” ती त्याच सुरात म्हणाली. “तपासायला बोलावलं होतं. सकाळी तुम्ही दारात उभे होतात, आभाळाकडे बघत. मी म्हटलं, आज दवाखान्यात जायचंय, याल का? तुम्ही म्हणालात, येईल. संध्याकाळपर्यंत नक्की येईल.”

त्याला ते सकाळचं आभाळ आठवलं. संध्याकाळी ती चिंब भिजून घरी आली होती तेही आठवलं. दारात उभी होती, केसांतून पाणी गळत होतं आणि चेहरा कसानुसा झाला होता. तिला टॉवेल देताना आपण काय म्हणालो तेही त्याला आठवलं, आणि ते आठवू नये असं फार वाटलं. चेहरा त्याने तेव्हाच पाहिला होता. तो तसा का झाला होता, ते आज ऐकू येत होतं.

“मग?” तो म्हणाला. आपला आवाज इतका मोठा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

“साधी निघाली. घाबरू नका आता.” तिने दोरा दाताने तोडला. “तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही ‘येईल’ म्हणालात, मी ‘येईन’ ऐकलं. तेवढं एकदा माझेच कान चुकले. तपासणी झाल्यावरही दवाखान्याचं दार लावेपर्यंत बाकावर बसून होते.”

बायकोने बाही उलटी करून उजेडात धरली, शिवण सरळ आली का ते पाहिलं.

“अंदाज मात्र बरोबर होता तुमचा,” ती म्हणाली. “संध्याकाळी आला पाऊस.”